इंदूमावशीची कुदळ

दुकानात आलेल्या माणसाला नाना आधी पाणी द्यायचे आणि मग गाव विचारायचे. माणसाचं नाही हो, नाण्याचं. धुळ्यात आग्रा रोडला लागून एक बोळ आहे, तिथं आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान होतं. मागं एक लाकडी कपाट, भिंतीवर जुन्या वस्तूंच्या विक्रीचा सरकारी परवाना, त्याच्या फ्रेमची काच एका कोपऱ्यात तडकलेली, आणि बैठकीसमोर एक काळा गुळगुळीत दगड. आलेलं नाणं नाना त्या दगडावर अगदी बोटभर उंचीवरून सोडायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. खऱ्या चांदीचा आवाज थोडा वेळ रेंगाळतो, पोटात शिसं भरलेलं नाणं थप्प करून बसतं. मी आतल्या खोलीत भूमितीची प्रमेयं घोकत असायचे, पण कान सगळे बाहेर. आलेला माणूस हसत जाणार की तोंड पाडून, हे मला आतूनच कळायला लागलं होतं.

मंगळवारी बाजाराला आलेले शेतकरी यायचे. एखादा धोतराच्या सोग्यातून काळंठिक्कर नाणं काढून ठेवायचा. नाना विचारायचे, "कोनतं गाव शे भाऊ?" तो म्हणायचा, "तुमले गावशी काय करनं शे? चांदी शे का नही, एवढंच सांगा." मग नाना चष्मा काढून, धोतराच्या टोकानं पुसून, शांतपणे सांगायचे की गाव कळल्याशिवाय मी हे विकत घेणार नाही. काही जण सांगायचे. काही जण चिडून उठायचे आणि चार दुकानं सोडून पलीकडच्या सराफाकडं जायचे, तो काही एक न विचारता घ्यायचा. आई आतून भांडी आपटायची. तिचं म्हणणं, गिऱ्हाईक दारात आलंय आणि हे त्याची उलटतपासणी घेतायत! पण ज्यानं गाव सांगितलं त्याचं नाणं एका खाकी पाकिटात जायचं, आणि पाकिटावर नानांच्या वळणदार अक्षरात गाव, शेताचं नाव, नांगराला लागलं की विहिरीत सापडलं, किती खोल, बरोबर आणखी काय होतं, सगळं. कपाटात अशी पाकिटं गच्च भरलेली. मला वाटायचं सगळेच नाणेवाले असंच करत असतील. नव्हते करत. आमच्या वडिलांसारखा हट्टी माणूस त्या धंद्यात दुसरा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा छाती फुगली माझी.

धंद्याची रीत नेमकी उलटी होती. जमिनीत शंभर वर्षांपूर्वीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवायचं असा कायदा आहे, इंग्रजांच्या वेळचाच. तो कुणाला माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे त्यांना नको आहे. म्हणून गाडगं सापडलं की पहिलं काम म्हणजे ते फोडायचं, चार नाणी इकडं, दहा तिकडं, उरलेली वितळवायची, म्हणजे मागमूस राहत नाही. गाव सांगितलं तर सरकार येईल, मग गावच पुसून टाका! नाना म्हणायचे, नाण्यावर राजाचं नाव असतं, पण तो राजा इथवर आला होता का, इथं बाजार भरत होता का, हे फक्त जमिनीला माहीत असतं, आणि जमिनीचं सांगणं आपण एकदाच ऐकू शकतो. आता माझा नातू मला फोनवर दाखवतो, एका ग्रुपवर लोक नाण्यांचे फोटो टाकतात, माती ओली असते अजून, खाली लिहिलेलं असतं 'गाव विचारू नये'. परवा तर एक पोरगा धातू शोधायचं यंत्र घेऊन तापीकाठी हिंडताना दाखवला, वरून गाणं लावलेलं. मी नातवाला म्हटलं, बंद कर ते, माझं डोकं उठतं.

नाना काही जन्मतः साधू नव्हते. एकदा त्यांनीही खाल्ली होती माती. माझ्या लहानपणी तापीकाठच्या एका माणसानं मूठभर नाणी आणली होती, आणि मुंबईचा एक शेठ त्याच दिवशी दुकानात बसलेला होता. नानांनी गाव विचारलं, त्यानं सांगितलं, पण शेठ म्हणाला पाकीट नको, चिठ्ठी नको, नुसती नाणी द्या. नानांनी दिली. दोन वर्षांनी कुठल्या तरी परदेशी लिलावाची छापील वही त्यांच्या हाती आली, तीत त्यातलंच एक नाणं होतं, कडेचा तोच टवका. चित्राखाली इंग्रजीत छापलं होतं, सापडल्याचं ठिकाण माहीत नाही. नानांनी ते पान मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "मला माहीत होतं ना गं सुमे. मला माहीत होतं." त्या दिवशी ते जेवले नाहीत. आईनं शेवभाजी केली होती, तिखटजाळ, त्यांच्या आवडीची, ती तशीच राहिली. त्यानंतर शेठ पुन्हा आला तेव्हा नानांनी त्याला पाणी दिलं आणि गाडीची वेळ विचारली.

असं सगळं असताना तो ठेवा सापडावा कुठं, तर आमच्याच आजोळी.

माझं आजोळ असोद्याचं. जळगावहून एसटीनं उतरलं की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि बागांतून येणारा तो ओला गारवा, एप्रिलच्या उन्हातसुद्धा. भाऊमामांची शेती तिथं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात सगळ्या लेकी माहेरी येतात, आमची आई, तिची धाकटी बहीण इंदूमावशी, मामांच्या दोन लग्न झालेल्या मुली, सगळ्या. घर नुसतं घुमायचं. निंबाला झोके, गौराईची गाणी, पितरांच्या नावानं भरलेली घागर, आमरसाच्या पातेल्यावर माश्या हाकत बसलेल्या आम्ही पोरी. आणि अंगणात खापरावरच्या पुरणपोळ्या. ते मोठं खापर पेलणारी चूल दरवर्षी नव्यानं घालायची आणि ती पांढरीच्या मातीनंच लिंपायची, दुसरी माती चालत नाही, तडकते. पांढरी म्हणजे जुनं गाव जिथं वसलं होतं ती उंचवट्याची जागा, राखाडी भुसभुशीत मातीची. मामांच्या वावराचा एक कोपरा त्या पांढरीत गेलेला. त्यामुळं सगळी आळी माती न्यायला मामांच्या वावरात.

मी सोळा वर्षांची होते. त्या सकाळी माती आणायला इंदूमावशी आणि मी गेलो. इंदूमावशी दोंडाईच्याला दिलेली, लहानखुरी, कमी बोलणारी, आणि सासरी तिचं फार बरं चाललेलं नव्हतं एवढं मला कळत होतं. चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. माहेरी आली की ती कामाला अशी जुंपून घ्यायची की कुणाला तिला काही विचारायला सवडच मिळू नये. तिनं पदर खोचला, कुदळ घेतली आणि खणायला लागली. मी टोपलं भरत होते. गुडघाभर गेल्यावर कुदळीचा आवाज बदलला. मावशी लगेच थांबली. दुसरी कुणी असती तर आणखी एक घाव घातला असता. ती खाली बसली, हातानं माती सारली, एक चपटा दगड उचलला, आणि दगडाखाली दोन मुठींत मावेल एवढं गाडगं. आत हिरवट काळी, एकमेकांना चिकटलेली बारकी नाणी. मावशी माझ्याकडं बघून हसली. तिला असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

घरी आणल्यावर दारं लावली गेली. भाऊमामा भला माणूस, पण घाबरट. त्यांना आधी दिसले ते पोलीस, मग गावातली तोंडं, 'मामाला सोन्याचा हंडा सापडला' म्हणणारी. मामींना दिसली ती लक्ष्मी. "लक्ष्मी हाये व माय, मयकट कशी ठेवाची?" म्हणत त्यांनी चिंच आणि राख घेऊन निम्मी नाणी घासून लख्ख केली, देव्हाऱ्यात मांडली, हळदीकुंकू वाहिलं. घासताना कितीएक अक्षरं त्या मोरीतून वाहून गेली असतील, देव जाणे! आणि मग आमच्याकडची रीत, घरात काही नवं आलं की लेकीबाळींचा वाटा आधी. आईला एक, इंदूमावशीला एक, मामांच्या दोन्ही मुलींना एकेक, आणि मी भाची, मलाही एक. गौराईपुढं हात ठेवून सगळ्यांनी शपथ घेतली की बाहेर बोलायचं नाही. मामांनी आणखी एक गोष्ट बजावली. कुणी विचारलंच तर वखर मारताना मामांना सापडलं असं सांगायचं. इंदूचं नाव निघालं तर तिच्या सासरचे हक्क सांगत येतील आणि भाऊबंदकीत नसती भर. इंदूमावशी तिथंच भिंतीला टेकून उभी होती. तिनं पुन्हा पदर खोचला आणि चुलीची माती भिजवायला निघून गेली. मी तिच्यामागं पाणी घेऊन गेले.

धुळ्याला परत आल्यावर माझ्या अंगात काय आलं कोण जाणे, दुपारी नाना आत झोपलेत असं समजून मी माझं नाणं काळ्या दगडावर टाकलं. आवाज ऐकून नाना उठून आले. एका बाजूला राजाचा मुखडा, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी, भोवती बारीक अक्षरं. त्यांनी ते तळहातावर घेतलं, चिंचेनं घासलेलं बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली, आणि मला विचारलं, "गाव?"

मी म्हटलं, "असोदा."

नानांनी जाऊन दुकानाचं दार लावून घेतलं. आई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की अजून आठवलं तरी मान खाली जाते. मग ती नानांना म्हणाली, "हे बघा, ते माझं माहेर आहे. तुम्ही तिथं तुमचा कायदा घेऊन जायचं नाही." नाना म्हणाले, "मी नाही गेलो तर तो सराफ जाईल, नाहीतर शेठ. मग भाऊला बेड्या पडतील. आज आपण होऊन सांगितलं तर काही होणार नाही." आई म्हणाली, "आणि माझं माहेर तुटलं तर?" नानांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला.

दोघांचंही खरं होतं. नाना दुसऱ्या दिवशी असोद्याला गेले, मला आणि आईला घेऊन. ओसरीवर कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढ्यात तसाच ठेवून मामा आणि नाना तासभर बोलत होते. मामांकडं जळगावच्या एका सराफाचा निरोप येऊन गेलेलाच होता, गाडगं जसंच्या तसं घेतो म्हणून. बातमी फुटली होती. मामा रडकुंडीला आले होते. "दाजी, तुमी शिकेल मानसं. तुमाले कचेरीचं भेव नही. उद्या सरकार माह्या केयीच्या बागात खड्डे खनीन, तव्हा तुमी येनार हाये का बुजाले?" नाना म्हणाले, "येईन. फावडं घेऊन येईन. पण भाऊ, एकदा हे विकलंत की रोज दारावरची कडी वाजली की तुम्हाला पोलीस दिसतील, आणि हा माणूस आयुष्यभर तुमच्या मानेवर बसेल." मामा शेवटी कबूल झाले. नानांनी विचारलं, "कुणाला सापडलं? कसं?" मामा म्हणाले, "मले. वखर मारता मारता." नानांनी कलेक्टर कचेरीच्या अर्जात मामांच्या नावानं तसंच लिहून घेतलं. आई जमिनीकडं बघत होती. मी आईकडं.

आता गाडगं कचेरीत द्यायचं तर पूर्ण द्यायला हवं होतं. लेकींना वाटलेली नाणी परत आणणं आलं. माहेरानं लेकीला दिलेलं परत मागायचं, याच्याइतकं लाजिरवाणं आमच्याकडं दुसरं काही नाही, आणि मामा त्याला तयार नव्हते, म्हणून तेही नानांच्याच गळ्यात पडलं. मामांच्या मुलींनी मुकाट्यानं दिली. आईनं आपलं नाणं नानांच्या हातात न देता दगडावर ठेवलं. राहिली इंदूमावशी.

दोंडाईच्याला एसटी शिरली की आधी नाकाला कळतं. मिरचीचे लाल ढीग, शिंका येऊन येऊन माझे डोळे सुजले. मावशीच्या सासूनं आम्हाला बसायला सतरंजी टाकली खरी, पण पोटात काय ते चेहऱ्यावर दिसत होतं. मावशीनं नाण्याला कडी लावून काळ्या दोऱ्यात गळ्यात घातलं होतं. तिच्या अंगावर माहेरची तेवढीच एक वस्तू होती. नानांनी हात जोडले. चक्क हात जोडले धाकट्या मेहुणीपुढं, आणि का न्यायचं ते समजावून सांगितलं. मग अर्जही वाचून दाखवला, कारण ज्याचं नाणं त्याला कागद कळला पाहिजे असा त्यांचा नेम. 'शेतात वखर मारीत असता मला' इथपर्यंत आले तेव्हा मावशीनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. तक्रार नव्हती तिच्या नजरेत. तिला फक्त बघायचं होतं की हिलाही कुदळच आठवतेय का. मग तिनं दोरा मानेवरून काढला, नाणं नानांच्या हातावर ठेवलं आणि चहा टाकायला आत गेली.

आम्ही स्टँडवर आलो. धुळ्याची गाडी लागली, लोक चढायला लागले, नानांनी माझा हात धरला, आणि मला ते सहनच होईना. सगळ्या जन्मात ज्या माणसानं एकाही पाकिटावर खोटं लिहिलं नाही, त्याच्या हातून आम्ही घरच्यांनीच खोटं लिहवून घेतलं होतं, आणि जिला सापडलं तिच्या गळ्यातलं तेवढं काढून घेऊन आम्ही घरी चाललो होतो! मी रडतच म्हटलं, "नाना, मामांना नाही सापडलं. मावशीला सापडलं. मी होते तिथं." नानांनी माझा हात सोडला. मला वाटलं आता मुस्काटीत बसते. त्यांनी खिशातून अर्ज काढला, उभ्या उभ्या फाडला, आणि मिरचीच्या ढिगांमधून पुन्हा मावशीच्या घराकडं चालायला लागले. मी मागं पळत. गाडी गेली.

पुढचा तासभर मी विसरूच शकत नाही. नाना मावशीपुढं मांडी घालून बसले, वहीचं कोरं पान काढलं आणि म्हणाले, "इंदू, मला सांग. तू सांगशील तसंच लिहितो." मावशी आधी दाराकडं बघत राहिली, सासू दारातच होती. मग म्हणाली, "दाजी, वखर नव्हता. कुदय होती." आणि एकदा सुरू झाल्यावर ती बाई थांबेना. वावरातल्या निंबापासून किती पावलं ते तिनं सांगितलं. वर भुसभुशीत माती, खाली एक राखेचा पट्टा, त्याच्याखाली गाडगं, म्हणजे राख नंतरची. तोंड उगवतीकडं कललेलं. दगड पाट्याचा तुकडा होता, एका अंगानं झिजलेला, म्हणजे कुणी बाईनं आपल्या घरातलाच उचलून झाकला असणार. जवळ हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा, तो तिनं पिशवीत जपून ठेवला होता, तोही आणून दाखवला. नाना लिहीत होते, मधेच थांबून विचारत होते, "पट्टा किती जाड?" आणि ती दोन बोटं धरून दाखवत होती. चार वर्षांत त्या घरात तिला कुणी काही विचारलं असेल तर भाकरी झाल्या का एवढंच. तिचा आवाज मोठा होत गेला. सासूसुद्धा उंबऱ्यावर बसून ऐकायला लागली. मी पुढे तीस वर्षं शाळेत शिकवलं, हुशार पोरं खूप पाहिली, पण एवढं नेमकं पाहणारी नजर मला पुन्हा भेटली नाही. शाळा मात्र तिची चौथीत सुटली होती. मला अजून राग येतो.

जळगावला कचेरीत मामा आधीच येऊन बसले होते. मावशीला सासूसोबत आलेली बघून त्यांचा चेहरा उतरला. नवा अर्ज कारकुनानं वाचला आणि म्हणाला, "वावर तुमचं, मग बाईंचं नाव कशाला? उगा गुंता. तुमचंच राहू द्या की." मामांनी लगेच मान हलवली. नाना म्हणाले, "साहेब, कागदावर ठेवा सापडल्याची जागा हवी असेल तर ती फक्त हिला माहीत आहे." कारकून मावशीकडं वळला, "काय हो बाई, सही करता की अंगठा?" मावशी म्हणाली, "सही," आणि पेन मागून घेतलं. हळूहळू, एकेक अक्षर लावत तिनं नाव लिहिलं. जिला ठेवा सापडला ती म्हणून मावशीचं नाव, जमिनीचे मालक म्हणून मामांचं. पुढे पुरातत्त्व खात्याचे एक अधिकारी आले, त्यांनी घासलेली नाणी बघून कपाळाला हात लावला, मावशीचा जबाब मात्र दोनदा वाचला, आणि तिला पांढरीवर नेऊन पुन्हा सगळं विचारलं. मामांना बेड्या पडल्या नाहीत. बागेला कुणी कुदळ लावली नाही. नाणी सगळी मिळून एका जागी राहिली, कडी लावलेलं सुद्धा.

पण मामांच्या मनाला ते फार लागलं. कचेरीत, परक्यांदेखत, मेहुण्यानं आणि सख्ख्या बहिणीनं मिळून खोटं पाडलं. बाहेर पायऱ्यांवर ते आईला एवढंच म्हणाले, "तुह्या घरी आता तुह्या नवऱ्याचंच राज्य. आमाले इसर." आई धुळ्यापर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिली. शपथ मोडली मी, खरं लिहिलं नानांनी, आणि भोगायला लागलं आईला. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. नानांचा मला अभिमान आहे, तेव्हाही होता, त्यांनी केलं तेच बरोबर होतं असं मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. पण बरोबर वागण्याचं ओझं प्रत्येक वेळी वागणाऱ्याच्याच खांद्यावर पडतं असं नाही, आणि हे नानांना आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं. ते वर्षभर आईशी हळू बोलायचे. आई त्यांच्याशी कामापुरतं.

पुढची आखाजी आली. आमच्याकडं आखाजीच्या आधी भाऊ बहिणीला न्यायला येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. आई रोज सकाळी अंगण झाडून झालं की बोळाच्या तोंडापर्यंत झाडत जायची. कुणी आलं नाही. आखाजीच्या दिवशी तिनं पुरण घातलं नाही, खिचडी टाकली आणि म्हणाली, मला बरं नाही. नाना पहाटेच न सांगता कुठं तरी गेले होते, त्याचाही तिला राग. दुकान बंद, घर गप्प, बोळातल्या दुसऱ्या घरांतून आमरसाचा वास.

दुपारी टळटळीत उन्हात रिक्षा थांबली. नाना उतरले, हातात कापडी पिशवी, आणि मागं पदर डोक्यावर घेतलेली इंदूमावशी. तिलाही असोद्याहून कुणी न्यायला आलं नव्हतं. नाना दोंडाईच्याला जाऊन तिच्या सासूसमोर उभे राहिले होते, म्हणाले होते, मुऱ्हाळी आलोय. सासू हसली होती, "भाऊ मुऱ्हाळी येस. बहीनना नवरा कधी येस का?" नाना म्हणाले होते, "तिचा भाऊ माझ्यामुळं येत नाही. मग जायला मलाच नको का?" हे सगळं मावशीनं मला नंतर सांगितलं.

आई दारात आली. बहिणीकडं बघितलं, घामानं निथळलेल्या नानांकडं बघितलं. मावशी म्हणाली, "अक्का, मी माहेरी आली." आईनं तिला जवळ ओढलं आणि दोघी उंबऱ्यातच रडायला लागल्या, मोठमोठ्यानं, बोळातल्या बाया बाहेर येईपर्यंत. नाना रिक्षाजवळच उभे, आत यावं की नाही हे न कळून. वर्षभरानं आईनं त्यांच्याकडं सरळ पाहिलं, डोळे पुसले आणि ओरडली, "पोरीला एवढ्या उन्हाचं आणतात का? पुढच्या वर्षी ऊन व्हायच्या आत आणत जा."